चर्चगेट ते हॉर्निमन सर्कल: रोजच्या गर्दीत फोटोसाठी एकांत कुठे शोधायचा?

कातळसडा

नमस्कार मंडळी,

मी मूळची राजापूर तालुक्यातली. नोकरीसाठी मुंबईत आले, दादर पश्चिमेला एका काकूंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहते. ऑफिस हॉर्निमन सर्कलजवळ. सकाळी दादरहून चर्चगेट आणि तिथून पुढे चालत. संध्याकाळी साडेपाचला सुटले की तीच वाट उलटी.

फोटोंचा नाद गावीच लागला. भावाने त्याचा जुना कॅमेरा दिला, सोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स. आमच्या घरामागे सडा, म्हणजे कातळाचं मोकळं पठार आहे. पावसाळा सरता सरता तिथे सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, कातळातल्या डबक्यांत आभाळ उतरतं. मी तासन्‌तास एकटी फिरायचे. माणूस भेटलाच तर एखादा गुराखी. ते फोटो आजही उघडून बघितले की मला श्वास घेतल्यासारखं वाटतं.

इथे कॅमेरा रोज पिशवीत असतो आणि तसाच परत येतो. काढलेच कधी, तर फोटोत डोकी, वायरी, होर्डिंग, स्कूटरचे आरसे, कुणाचा तरी अर्धा हात. सगळंच असतं, म्हणून बघण्यासारखं काहीच उरत नाही. ऑफिसातले एक दोघं म्हणतात, पहाटे ये, रविवारी ये, तेव्हा फोर्ट मोकळं असतं. पण मला रोजच्या वाटेवरचे, रोजच्या वेळेचे फोटो हवे आहेत. रविवारी कपडे, भाजी, आईचा फोन यांतच दिवस जातो.

खरं सांगायचं तर प्रश्न फोटोंपुरता नाही. या शहरात दिवसातली पंधरा मिनिटं तरी माझी एकटीची असावीत असं फार वाटतं. खोलीत आम्ही तिघी, डब्यात माणसावर माणूस, ऑफिसात टेबलाला टेबल. मध्ये उरतो तो हा रस्ता, आणि तोही खच्चून भरलेला.

इथे कुणी अशा गर्दीत फोटो काढतं का? कसं काढता? आणि मुलीने एकटीने कॅमेरा घेऊन फूटपाथवर उभं राहायचं तर कसं, हेही सांगा.

---

पर्वतीपायथा

कातळसडा, छान विषय. मी पुण्यात काढतो. माझा अनुभव तुमच्या ऑफिसमधल्यांसारखाच आहे. तुळशीबागेत दुपारी कॅमेरा वर करायलाही जागा नसते, पण दुकानं उघडण्याआधी गेलं तर तीच गल्ली देखणी दिसते. मुंबईत बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी बघा, रुंद फूटपाथ, दगडी इमारती आणि माणूस नाही.

गर्दीतच काढायचे असतील तर एक युक्ती आहे, खालून वर बघा. आमच्या मंडईत (१८८६ सालची इमारत) भाजीवाले उंच ओट्यावर बसतात आणि गिऱ्हाईक खाली उभं असतं. मी गिऱ्हाइकांत उभा राहून कॅमेरा छातीपाशी धरतो आणि वर रोखतो. चौकटीत एक भाजीवाली, तिच्यामागे छताचा अंधार, वरून येणारा उजेड. भोवती शंभर माणसं असतील, पण फोटोत ती एकटी, देवळातल्या मूर्तीसारखी. गर्दी साधारण पाच-साडेपाच फूट उंचीपर्यंतच असते. त्याच्यावर सगळं रिकामंच.

---

मुगभाटकर

कातळसडा, तू म्हटलं तर चालेल ना? माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

तू जो रस्ता सांगते आहेस तो वीर नरिमन रस्ता मला पाठ आहे. १९८३ साली फोर्टातल्या एका बँकेत लागलो आणि निवृत्त होईपर्यंत त्याच भागात होतो. सकाळी गिरगावातून बसने जायचो, पण संध्याकाळी मुद्दाम चालत चर्चगेटपर्यंत आणि तिथून मरीन ड्राइव्हच्या कडेने घरी. माझे बहुतेक सगळे फोटो त्याच वाटेवरचे आहेत, आणि सगळे गर्दीच्या वेळचे.

आधी एकांताचं बोलतो, कारण तू ते मनापासून विचारलं आहेस. आमची चाळीतली खोली दहा बाय बाराची, त्यात सात माणसं. रात्री पुरुषांनी गॅलरीत अंथरुणं टाकायची. कुणाला ताप आला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी आज काय शिजलं, सगळ्या मजल्याला ठाऊक. मला त्या जगाबद्दल प्रेम आहे, पण तिथे एकटं बसून विचार करावा अशी हातभर जागा नव्हती. ती मला मिळाली सहा वाजताच्या फूटपाथवर. हजारो माणसं शेजारून जात आहेत आणि त्यांतलं एकही मला ओळखत नाही. कुणाला काही सांगायचं नाही, कुणी काही विचारणार नाही. तुझ्या सड्यावर कुणी नसायचं म्हणून तू एकटी असायचीस. इथे सगळ्यांना घरी जायची घाई आहे म्हणून तू एकटी आहेस. मला हा दुसरा एकांत पहिल्याइतकाच खरा वाटतो. पर्वतीपायथा म्हणतात तसं बॅलार्ड इस्टेट रविवारी सुंदर असतं, यात वाद नाही. पण मला तिथे इमारती दिसतात, शहर दिसत नाही. मुंबईचं मुंबईपण सोमवारी संध्याकाळी असतं.

आता कामाचं. पहिली गोष्ट म्हणजे चालत चालत फोटो शोधू नकोस. चालणाऱ्याच्या फोटोत सगळं येतं, हे तू अनुभवतेच आहेस. आधी उजेड शोध, तिथे थांब, माणसं येतील.

तुझा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे. फोटो काढणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही. संध्याकाळी फोर्टातून स्टेशनकडे निघालेला प्रत्येक माणूस मावळतीकडे तोंड करून चालत असतो. हुतात्मा चौक सोडून पुढे आलीस की एका टप्प्यावर उजवीकडे क्रॉस मैदान आणि डावीकडे ओव्हल. तेवढ्या पट्ट्यात डाव्या हाताला इमारत नाही. हिवाळ्यात सूर्य त्याच बाजूने, ओव्हलवरून तिरका येतो. डिसेंबरात तो मैदानापलीकडच्या आर्ट डेको इमारतींमागे लवकर जातो, तू साडेपाचला सुटणारी, तुला तेव्हा फारसं मिळायचं नाही. जानेवारीचा शेवट ते मार्च, हे तुझे दिवस. पावणेसहाला तिथे पोचलीस तरी ऊन असेल.

स्टेशनकडे पाठ करून उभी राहिलीस तर समोरून येणारे चेहरे उजळलेले मिळतील आणि प्रत्येकाच्या मागे लांबच लांब सावली. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसलेला माणूस त्या उन्हात येतो तेव्हा क्षणभर डोळे बारीक करतो, कपाळावर हात धरतो, कुणी नुसताच चेहरा वर करतो. तेवढ्यापुरता तो कुणाचा नसतो, ऑफिसचाही नाही आणि घरचाही नाही. मी जन्मभर तेवढंच टिपत आलो. उलट, त्यांच्या मागून सूर्याकडे बघत काढलंस तर माणसं काळ्या आकृत्या होतात, कडेने उजेडाची रेघ उरते, आणि तुला नको असलेल्या वायरी, पाट्या, आरसे बरेचसे काळोखात बुडतात.

दुसरी जागा कमानींची. हुतात्मा चौकाकडून दादाभाई नौरोजी रस्त्याला वळलं की इमारतींच्या पोटातून फूटपाथ जातो. आत अंधार, बाहेर ऊन, आणि दोन खांबांमधून जमिनीवर उजेडाचा एक पट्टा. रस्त्याच्या पूर्वेकडच्या कमानींत दुपारनंतर ऊन शिरतं, पश्चिमेकडच्यांत सकाळी. कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर ठेव, म्हणजे तो चौकटीतल्या एका ठिपक्यापुरताच उजेड मोजेल, आणि मोजमाप त्या उजळ पट्ट्यावरून घे. ते जमत नसेल तर एक्स्पोजर सरळ दीड स्टॉप खाली उतरव (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). मग जे पट्ट्याबाहेर आहे ते काळं. स्टॉलवर लटकणारे चार्जर, पिशव्या, गॉगल, पुढची दहा माणसं, सगळं काळं. पट्ट्यात पाऊल टाकणारा तेवढा एकटा उजळतो. गर्दीतून माणूस वेगळा काढायचं काम ऊन करतं, आपण फक्त उभं राहायचं.

आणि दुपार वाईट असते असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. मेच्या मध्यावर ते खरं आहे, मुंबईत तेव्हा शून्य सावलीचा दिवसच असतो. पण डिसेंबरअखेर सूर्य भर माध्यान्हीला ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे तुझी सावली जवळपास तुझ्याइतकी लांब असते. आणि आपल्याकडे माध्यान्ह घड्याळातल्या बाराला नसते, साडेबाराच्या पुढे असते. ती तुझी जेवणाची सुट्टी. डबा पंधरा मिनिटांत उरकलास तर हॉर्निमन सर्कलच्या कमानीसुद्धा आहेतच.

फोकससाठी धडपडू नकोस. लेन्स १८ वर, अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८, दोन मीटरवरच्या खांबावर फोकस कर आणि मग लेन्स मॅन्युअलवर टाक. एक मीटरच्या पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. कॅमेऱ्याला शोधायला काही उरलं नाही की तुझं लक्ष माणसांकडे जातं.

मी सुरुवात केली ती यशिका इलेक्ट्रो ३५ वर, मामांनी आखातातून आणलेला. त्यात उटीच्या कारखान्यातला इंदूचा कृष्णधवल रोल. छत्तीस फोटो, पगार बेताचा, त्यामुळे बटण दाबण्याआधी पुष्कळ वेळ नुसतं बघणं व्हायचं. थांबायची सवय मला त्या रोलने लावली. तुझ्या कार्डात हजारो फोटो मावत असले तरी एका जागी वीस मिनिटं थांबून बघ. पहिली पाच मिनिटं फक्त गर्दी दिसते. मग त्यातली माणसं सुटी होऊ लागतात.

गर्दीत थांबलेलं माणूस कोण, हे शोधणं मला सगळ्यात आवडतं. हुतात्मा चौकातल्या फूटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे बसतात. त्यांच्यातले एक गृहस्थ स्वतः सतत वाचत असायचे. पुस्तकांची रास कमरेएवढी, त्यावर टेकून ते उभे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ऑफिसं सुटली की त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसांचे लोंढे. ते मान वर करायचे नाहीत. गिऱ्हाइकाने किंमत विचारली तरी आधी ओळ पुरी करायचे, मग बोट पानात घालून उत्तर द्यायचे. मी त्यांचे फोटो कित्येक वर्षं काढले, पावसात प्लास्टिकखाली, मेच्या घामात, बंदच्या दिवशीही. पहिला फोटो काढला त्याच्या पुढच्याच आठवड्यात प्रिंट नेऊन दिली. ती त्यांनी वाचत होते त्या पुस्तकात खूण म्हणून घातली. पुढे दर प्रिंट अशीच कुठल्या ना कुठल्या पुस्तकात गेली, आणि मला वाटतं त्यांतली काही पुस्तकांबरोबर विकलीही गेली असतील. मुंबईतल्या कुणाच्या तरी कपाटात माझा फोटो निघेल, या विचाराने मला आजही आनंद होतो.

आता शटरबद्दल, म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं त्याबद्दल. हे सगळं वेगाने काढायचं, १/२५० सेकंद किंवा त्याहूनही कमी. पण उलटही करून बघ. माणूस सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. शटर १/८ वर नेलंस तर चालणारा पंधरा-सोळा सेंटिमीटर सरकतो आणि विस्कटतो. अर्ध्या सेकंदाला तो धूर होतो. जो उभा आहे तो मात्र जिथल्या तिथे. खांबाला कॅमेरा टेकव, अॅपर्चर १६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, संध्याकाळी ऊन गेल्यावर. रघू राय यांचं चर्चगेट स्टेशनवरचं १९९५ सालचं छायाचित्र शोधून बघ. गर्दी नदीसारखी वाहून गेली आहे आणि मधोमध पेपर वाचणारी माणसं स्थिर आहेत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही. ज्या प्लॅटफॉर्मवरून मी शेकडो वेळा गेलो होतो तिथेच ते घडत होतं.

याची सुरुवात तर फोटोग्राफीच्या जन्मापाशीच आहे. १८३८ मध्ये डागेर यांनी पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो आपल्या खिडकीतून घेतला. रस्ता वाहता होता, पण तेव्हाच्या पट्टीवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. चालणारी माणसं, घोडागाड्या, काहीच उमटलं नाही. कोपऱ्यात एकजण बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता. तो तेवढा राहिला, आणि फोटोत आलेला तो पहिल्या माणसांपैकी एक मानला जातो. चर्चगेटला पॉलिशवाल्यांचा लाकडी पेटीवर ब्रश आपटल्याचा आवाज ऐकलास की तिकडे बघ. पेटीवर एक पाय ठेवून उभा असलेला माणूस, दोन मिनिटं कुठेही जायचं नाही असा, प्लॅटफॉर्मवर तोच तेवढा असतो.

स्टेशनात मोठा कॅमेरा काढला की पोलीस हटकतात. हुज्जत घालू नकोस, बाहेर ये, रस्ता पुरेसा आहे.

---

अबोली

मुगभाटकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण एका वाक्यापाशी मी अडले. गर्दीत कुणी विचारत नाही, हे पुरुषाच्या बाबतीत. बाई फूटपाथवर वीस मिनिटं नुसती उभी राहिली की चार जण बघतात, एखादा दोनदा फेरी मारतो. बाईने उभं राहण्याला काहीतरी कारण दिसावं लागतं. बसची वाट, मैत्रिणीची वाट, खरेदी.

कातळसडा, अगं, म्हणून मी ते कारण मिळवते. तू दादरला राहतेस ना, स्टेशनबाहेरचं फूल मार्केट तुझ्या दारात आहे. मी ठाण्याहून तिथे येते. गजरे करणाऱ्या एका मावशींची आणि माझी ओळख झाली ती खरोखर गजरे घेता घेता. मग एकदा विचारलं, इथे बाजूला बसू का. त्यांनी गोणपाट सरकवला. तेव्हापासून ती माझी जागा. एखाद्या बाईच्या दुकानाच्या आत बसलेली बाई कुणाला खटकत नाही. शिवाय तिथून दिसतं ते उभ्या माणसाला दिसत नाही. समोर नुसते पाय, पायांमधून पलीकडची शेवंतीची रास, हमालाच्या डोक्यावरचा झेंडूचा भारा.

मावशींचा माझा आवडता फोटो सांगते. त्यांनी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली आहेत, त्याने त्या कळ्यांवर पाणी शिंपडतात. एका संध्याकाळी, सणाच्या आदल्या दिवशी, तोबा गर्दी, लोक वरून ओरडून भाव विचारत होते, आणि त्यांनी दोन क्षण सगळं थांबवून तेच पाणी स्वतःच्या मनगटावर शिंपडलं. डोळे मिटून. मी तो फोटो त्यांना लगेच स्क्रीनवर दाखवला. म्हणाल्या, बरी दिसते गं मी.

लगेच दाखवणं हे मी कधी चुकवत नाही. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसते. झोपलेली माणसं, पदराखाली मूल असलेली बाई, एकटं लहान मूल, यांचे काढत नाही, फोटो कितीही चांगला मिळणार असला तरी. ज्याच्याकडे दार लावून घ्यायची सोय नाही त्याचं खाजगीपण आपण सांभाळायचं. आणि लेडीज डब्यात आधी विचार. तिथे बायका भाजी निवडतात, पाय सैल सोडतात, रडतातसुद्धा. दिवसभरातली ती त्यांचीही पंधरा मिनिटं असतात.

तुझ्या रस्त्यावर उभं राहायचं असेल तर शहाळेवाला, पेपरवाला, चहाची टपरी यांच्याशेजारी उभी राहा. ओळख ठेव. कुणी त्रास दिला तर पहिला आवाज तेच चढवतात.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो, कामाला मॅनहॅटनला जातो, त्यामुळे कातळसडाची तगमग लांबून का होईना कळते.

इथले सॉल लायटर नावाचे एक फोटोग्राफर होते (१९२३-२०१३). आयुष्यातली अनेक दशकं न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये राहिले आणि बरेचसे फोटो घराच्या आसपासच्या रस्त्यांवर काढले. १९४८ पासून रंगीत फिल्म वापरत होते, पण ते रंगीत फोटो पुस्तकात यायला २००६ साल उजाडलं. त्यांच्या फोटोंत न्यूयॉर्कसारख्या शहरात गर्दी अशी दिसतच नाही. दव साचलेली काच, तिच्यापलीकडे एक अस्पष्ट माणूस. अर्धी चौकट दुकानाच्या काळ्या कनातीने झाकलेली आणि खालच्या चिंचोळ्या फटीत बर्फातून जाणारी एक आकृती. ते कशाच्या तरी आडून बघत, आणि बरेचदा लांब लेन्सने.

मला हे बघताना आपल्या पावसाळ्यातल्या बेस्टच्या खिडक्या आठवतात. जूनमध्ये तुझी १८-५५ लेन्स ५५ वर ठेव, इराण्याच्या हॉटेलात काचेजवळ बस आणि फोकस काचेवरच्या थेंबांवर कर. बाहेरची गर्दी रंगांचे डाग होईल. छत्र्या, बसचा लाल, टॅक्सीचं पिवळं टप. आणि चहा पिणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही, हेही आहेच.

---

कातळसडा

सगळ्यांचे खूप खूप आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

अबोलीताई म्हणाल्या तसं ओव्हलच्या कठड्यापाशी एका शहाळेवाल्या काकांशेजारी उभी राहायला लागले. आधी शहाळं घेते, मग सावकाश कॅमेरा काढते. आता ते माझी पिशवी आपल्या गाडीखाली ठेवून घेतात. मुगभाटकर काका, उजेडाचं तुम्ही लिहिलंय ते शब्दशः तसंच आहे. मी त्याच वाटेने रोज जात होते आणि सगळ्यांच्या तोंडावर ऊन असतं हे मी पाहिलंच नव्हतं.

एक फोटो मिळाला आहे. हायकोर्टाच्या बाजूने मैदानातल्या मधल्या वाटेने वकील मंडळी येतात, काळे कोट, गळ्याला पांढरे बँड. त्यांतल्या एक बाई वाटेच्या तोंडाशी, बरोबर उन्हात थांबल्या. मागून लोक धक्का देत जात होते. त्यांनी बँड सोडला, त्याची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि मान मागे टाकून एक मोठा श्वास घेतला. मी बटण दाबलं. मग धावत जाऊन दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि पाठवशील का विचारलं. ईमेल दिला.

मला तो फोटो सड्यावरच्या फोटोंइतकाच माझा वाटतो आहे. त्या दिवशी घरी जाताना डब्यातली गर्दी टोचली नाही.

पण अडचण अशी की पांढरा बँड आणि कपाळ अगदी जळून गेलं आहे, तिथे काहीच उरलेलं नाही. दीड स्टॉप खाली ठेवलं होतं तरी. मागचे लोक मात्र छान काळोखात गेलेत. असं का झालं? आणि आता ऊन दिवसेंदिवस उशिरापर्यंत राहतंय, मार्चनंतर काय करू?

---

मुगभाटकर

कातळसडा, फोटो पाहिला. त्यांच्या मिटलेल्या पापण्यांवरचं ऊन फार सुंदर आलं आहे. मागच्या बाजूला एक हात त्यांच्या खांद्याला घासून जाताना दिसतो, तो तसाच राहू दे, कापू नकोस. त्या हातामुळेच कळतं की त्या कुठे उभ्या आहेत.

जळलं त्याचं कारण काळे कोट. मीटरिंग तू अख्ख्या चौकटीवर ठेवलं असणार. चौकटीत एवढं काळं आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवतो. त्यातून तू दीड स्टॉप काढून घेतलास तरी पांढऱ्या कापडाला ते पुरत नाही. त्या जागी स्वयंचलित काही ठेवूच नकोस. मॅन्युअल कर. पोचल्याबरोबर स्वतःचा तळहात त्या उन्हात धर, स्पॉटवर मोज, एक स्टॉप उघड, कारण कॅमेरा सगळं मधलं करडं धरून मोजतो आणि आपला तळहात त्याहून उजळ असतो. मग एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना ते बघ. ऊन उतरेल तसं दर दहा मिनिटांनी पुन्हा मोज. आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढ. थोडंसंच जळलं असेल तर रॉ मधून परत येतं, जेपेगमधून येत नाही.

मार्चनंतर सूर्य उत्तरेकडे सरकतो, म्हणजे ओव्हलच्या अंगाने न येता हळूहळू रस्त्याच्या रेषेत, स्टेशनच्या दिशेने समोर येतो. मे महिन्यात तो जवळजवळ सरळ रस्त्यातून आत येतो, पण पावणेसहाला तेव्हा बराच वर असतो, साडेसहाच्या सुमाराला खाली उतरतो. एखाद्या दिवशी उशिरा सुटलीस तर तेव्हा काळ्या आकृत्यांचे फोटो काढ. एरवी उन्हाळ्यात कमानी. पावसाळ्यात हडसनकाठ यांनी सांगितलेली काच, किंवा स्टेशनजवळच्या कुठल्याही पादचारी पुलावरून खालच्या छत्र्या.

अबोलीताईंनी जागेबद्दल लिहिलं आहे ते माझ्या लिहिण्यापेक्षा तुझ्या जास्त उपयोगाचं आहे, ते आधी वाच.

त्या वकीलबाईंना फोटो पाठवशील तेव्हा तो इथे ठेवायला त्यांची परवानगीही लिहून घे. प्रिंट करणार असलीस तर बारा बाय अठरा इंचांच्या पुढे जाऊ नकोस, कपाळावरचा पांढरा भाग मोठ्या आकारात डोळ्यात येईल. मॅट कागद घे.